तिसऱ्या रांगेतला पाचवा दगड कोणाचा?

इस्रायलात स्थायिक झालेल्या ठाणेकर बेने इस्रायली (कोकणातल्या यहुदी) कुटुंबांना खुलं पत्र

शालोम, आणि इथल्या रीतीप्रमाणे नमस्कारही.

घरात मराठी वाचणारं जे कोणी उरलं असेल, आजी, आजोबा, एखादी थोरली आत्या, त्यांच्या हातात हे पत्र द्या आणि मोठ्याने वाचायला सांगा. ज्यांना मराठी कळते पण वाचता येत नाही, त्यांनी शेजारी बसून ऐका. तुम्ही अश्दोदला असा, दिमोनाला, बेरशेवाला नाहीतर लोदला. काम ठाण्याचं आहे आणि तुमच्या मोठ्या माणसांशिवाय ते होणार नाही.

मी जन्माने ठाणेकर, धंद्याने कंपोझिटर. छापखान्यात शिशाचे खिळे एकेक उचलून ओळ जुळवणारा माणूस. खिळ्यावर अक्षर उलटं असतं, त्यामुळे उलटं वाचायची सवय डोळ्यांना लागते ती मग सुटत नाही. ऑफसेट आलं, मागोमाग संगणक आला, खिळे किलोच्या भावाने भंगारात गेले आणि आम्हीही साधारण त्याच भावाने घरी आलो. गेली तीन वर्षं, पावसाळा सोडून, दर रविवारी सकाळी मी आपल्या कबरस्तानातले दगड वाचतो आणि वहीत उतरवतो. सोबत एक निवृत्त नर्सबाई असतात, आणि शेजारच्या बिल्डिंगमधला कॉलेजात जाणारा एक मुलगा. मुलगा आपल्यातला नाही, रायगडातला कुणबी आहे. पण नवगावकर, पेणकर, रोहेकर, झिराडकर अशी नावं वाचली की एसटी कुठे बदलायची ते तो सांगतो. आपल्या आडनावांत गावांशिवाय आहे तरी काय!

आता थोडं मागचं. तुम्हाला ते ठाऊक असेल, नातवंडांना नसेल.

नवगावची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली. आपल्या पूर्वजांचं गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बाकीच्यांची प्रेतं किनाऱ्याला लागली. ती नवगावला दोन ठिकाणी पुरली, पुरुष एकीकडे, बायका एकीकडे. हे कोणत्या शतकात झालं, झालं की नाही, यावर विद्वानांनी खुशाल भांडावं. मला त्यात एवढंच दिसतं की कोकणच्या मातीत आपल्या माणसांनी पहिलं काम केलं ते माती देण्याचं. घर नंतर, तेलाचा घाणा नंतर, शनिवार पाळणारे तेली म्हणून ‘शनवार तेली’ हे नाव नंतर, आणि मशीद तर शतकांनी नंतर. मुंबईत तेच झालं. आपली घराणी अठराव्या शतकाच्या मध्याला तिथे गेली आणि सामाजी हस्साजी दिवेकरांनी मांडवीला पहिली मशीद बांधली ती १७९६ साली. मधल्या काळात माणसं मरायची थांबली होती थोडीच? जागा आधी लागते ती पुरायला. प्रार्थना ओटीवरही होते.

(‘मशीद’ म्हटल्यावर तुमची नातवंडं दचकतील. त्यांना सांगा, आपल्या घरात सिनेगॉगला हाच शब्द होता. मुंबईच्या मस्जिद स्टेशनचं नाव आपल्या त्या जुन्या मशिदीवरून पडलं, असं आमच्याकडे सांगत आले आहेत.)

ठाण्याची आपली मशीद, शाअर हाशमाईम, १८७९ ची. बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली ती त्याआधी, १६ एप्रिल १८५३ ला. नगरपालिका आली १८६३ ला. जिल्ह्याच्या कचेऱ्या, तुरुंग, कोर्ट, टपाल, रेल्वे: जिथे लिहिता-वाचता येणारा माणूस लागे तिथे आपला कोणीतरी असे. तरी गाव केवढं होतं? १९०१ च्या खानेसुमारीत ठाण्याची वस्ती सोळा हजारांच्या घरात. आज एवढी माणसं घोडबंदर रोडवरच्या दोन-चार मोठ्या संकुलांत मावतात.

गाव लहान होतं, हे मी उगाच सांगत नाही. माझी सगळी अडचण तिथूनच सुरू होते. लहान गावात दगडावर फार लिहायची गरजच पडत नाही. कोण कुठे निजला आहे हे सगळ्यांना पाठ. दगडावर नुसतं ‘बाबा’ लिहिलं तरी चालायचं, कारण तो कोणाचा बाबा हे विचारणारा परका माणूस कबरस्तानात येणारच नव्हता. मग १९४८ आलं, इस्रायल झालं. तुम्ही एकेक करून बोटीने, नंतर विमानाने गेलात. दगड मागे राहिले आणि ज्यांना ते पाठ होते ती माणसं निघून गेली. तक्रार म्हणून हे लिहीत नाही. माझा सख्खा काका १९६३ मध्ये गेला. तिकडच्या धर्मपीठाने आपल्या लग्नांवर शंका घेतल्याचा तो काळ, तरी गेला. आणि १९६४ मध्ये सरकारने आपल्या बाजूने निकाल दिला तेव्हा त्याने पाठवलेलं पत्र आमच्या घरात पेढ्यांसारखं वाटलं गेलं.

आता दगडांकडे येतो, कारण माझा जीव तिथे आहे.

काही कबरींवर अक्षरच नाही. डोक्याशी एक धोंडा, पायाशी एक धोंडा, मध्ये गवत. त्यांच्यापुढे आम्ही फक्त रांग आणि क्रमांक लिहितो. दुसरे काळ्या पाषाणाचे. कोरायला कठीण म्हणून मजकूर कमी, पण जे कोरलं ते पक्कं. ठाण्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. या दगडावर तो फक्त शेवाळ चढवतो. तिसरे संगमरवरी, मुंबईहून करवून आणलेले, श्रीमंतीचे. त्यांचीच दैना सर्वांत जास्त. संगमरवर पावसात झिजतो, साखरेसारखा खरखरीत होतो. त्यात अक्षरांच्या खाचांत शिसं ठोकून बसवलेलं असतं, ते निखळतं. पण शिसं धरून ठेवायला कारागिराने खाचेच्या तळाशी बारीक भोकं पाडलेली असतात, आणि अक्षर गेलं तरी भोकं राहतात. त्या भोकांवरून मी ‘ळ’ ओळखतो, ‘ई’ ओळखतो. चाळीस वर्षं शिशावर पोट भरलं, त्याचा एवढा तरी उपयोग.

वाचायची वेळ सकाळी सातची. ऊन आडवं असतं, खाचेत सावली पडते, अक्षर उठून दिसतं. भर दुपारी तोच दगड कोरा. ऊन नसेल तर मुलगा आरसा धरून बाजूने उजेड पाडतो. साधं पाणी आणि मऊ ब्रश, बस्स. मागे एक पाहुणे आले होते, भावनेच्या भरात त्यांनी आजोबांच्या संगमरवरावर बाथरूम धुवायचं अ‍ॅसिड ओतलं. दगड पांढराशुभ्र झाला आणि शेवटच्या दोन ओळी कायमच्या गेल्या. कृपा करून असं करू नका. तारेचा ब्रशही नको.

दगडावर बहुधा वर हिब्रू, खाली मराठी, कुठे सोबत इंग्रजी. हिब्रू आपल्याकडे मागाहून रुजली. कोचीनच्या यहुदी शिक्षकांनी शिकवली, मिशनऱ्यांनी शिकवली. जॉन विल्सन यांनी तर १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण छापलं, आपल्याच लोकांसाठी. वरची दोन अक्षरं, पे आणि नून, म्हणजे ‘येथे पुरला आहे’. सगळ्यांत खाली पाच अक्षरं, त्यांचा अर्थ ‘त्याचा जीव जीवनाच्या गाठोड्यात बांधलेला राहो’. ही पाच अक्षरं नवखा माणूस नाव समजून उतरवतो. मीही पहिले दोन महिने एकाच गृहस्थाच्या वीस-बावीस कबरी शोधून काढल्या होत्या.

साल काढणं हा वेगळा खेळ. हिब्रू साल अक्षरांत लिहितात आणि वरचे पाच हजार बहुतेक वेळा सोडून देतात. ताव म्हणजे ४००, रेश २००, ऐन ७०, तेथ ९. झाले ६७९, म्हणजे ५६७९. त्यातून ३७६० वजा केले की १९१९. पण मृत्यू रोश हशना, म्हणजे आपलं नववर्ष, आणि डिसेंबरअखेर यांच्या मधला असेल तर ३७६१ वजा करायचे, म्हणजे १९१८. हे साल मी मुद्दाम निवडलं. १९१८ च्या त्याच महिन्यांत इन्फ्लुएन्झाने मुंबई इलाखा झोडपला होता. अशा सालाचा दगड समोर आला की नर्सबाई काही न बोलता शेजारचे लहान दगड बघायला लागतात.

हिब्रू गेली असेल तर मराठी कामाला येते. ‘येथें’, ‘त्याचें’, ‘झालें’ असे अनुस्वार असतील तर दगड जुना धरायला हरकत नाही, कारण १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी ते अनुस्वार काढले. हा पुरावा मात्र पातळ आहे. जुने कारागीर नियम वाचून छिन्नी उचलत नसत, आणि आमच्या छापखान्यातले एक म्हातारे प्रूफरीडर मरेपर्यंत अनुस्वार देत होते.

सगळ्यांत मोठा घोळ नावांचा. मुंबईची मशीद बांधणारे सामाजी हस्साजी इंग्रजी पुस्तकांत सॅम्युअल एझेकिएल होतात. माणूस एकच. म्हणजे तुमच्या कागदावर ‘एझेकिएल’ आणि आमच्या दगडावर ‘हस्साजी’ असेल तर तुम्ही चार वेळा कबरीपुढून जाल आणि हात हलवत परत फिराल. बायकांचं तर विचारूच नका. माहेरचं एक नाव, सासरचं दुसरं, लाडाचं तिसरं. दगडावर कोणतं घालायचं हे त्या दिवशी रडून रडून थकलेल्या कोणीतरी ठरवलेलं.

आता जे सांगायला हे पत्र लिहायला घेतलं ते.

दोन वर्षांपूर्वी अश्दोदहून एका मुलीचा फोन आला. मराठी तिला येत नव्हती, मला हिब्रू प्रार्थनेपुरती. मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलणं झालं. तिला पणजीची कबर हवी होती. नाव रिबका. आडनाव लग्नाआधीचं. साल माहीत नाही. आमच्या वहीत रिबका, रेबेका, रिबकाबाई धरून सात होत्या, एकीचंही आडनाव जुळेना. मी म्हटलं, घरात काही असेल तर पाठव. तिने एक फोटो पाठवला. कबरीभोवती उभी असलेली माणसं, डोक्यावर टोप्या, मागे झाडाचा बुंधा. त्यावरून काय कळणार? सहज विचारलं, फोटोच्या मागे काही आहे का? ती म्हणाली, आहे थोडी नक्षी.

ती नक्षी म्हणजे मराठी होती. निळ्या शाईने, घसटतं अक्षर, चार ओळी. नाव, सासरचं आडनाव, इंग्रजी तारीख, आणि शेवटी: आंब्याच्या पूर्वेला, विहिरीकडून तिसरी.

आंबा आता नाही, पण त्याचं खोड आहे. विहिरीवर जाळी आहे. आम्ही दहा मिनिटांत त्या जागी पोचलो. तिथे बिनअक्षरी धोंडा होता. आमच्या वहीत तो ‘नाव नाही’ म्हणून वर्षभर पडून होता.

ती नक्षी त्या घरात साठ वर्षं भिंतीवर होती, काचेमागे. आणि वाचणारी आजी वारून तेव्हा सहा महिने झाले होते.

म्हणून म्हणतो, पैसे नकोत. म्हणजे, मी काही साधू नाही. गवत कापायला, भिंतीला, पहारेकऱ्याला पैसे लागतात; ते द्यायचे त्यांना जरूर द्या, पावती घ्या. माझं मागणं वेगळं आहे. घरातल्या प्रार्थनेच्या पुस्तकाचं पहिलं आणि शेवटचं कोरं पान उघडून बघा. आपल्याकडे जन्म-मृत्यू तिथे टिपायची पद्धत होती. केतुबा, म्हणजे लग्नाचा करारनामा, काढा, त्यात बापाचं नाव आणि तारीख असतेच. ठाण्याहून आलेली मयताची पत्रं असतील. जुने पासपोर्ट, पेन्शनचे कागद, एखादा मोडीतला कागद, जो कोणालाच वाचता येत नाही म्हणून फेकायच्या बेतात आहात, तोही. आणि प्रत्येक फोटो उलटा करा. मागची बाजू आधी, पुढची नंतर. मोबाईलवरून पाठवलेलं चित्र दाबून बारीक होतं, अक्षर फुटतं. जमलं तर नीट स्कॅन करून पाठवा.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे मोठ्या माणसांना बोलतं करा. ‘कोणाची कबर कुठे’ असं थेट विचारू नका, आठवणार नाही. ‘दारातून आत शिरलं की कुठल्या बाजूला वळायचात?’ असं विचारा. पायांना आठवतं. नर्सबाईंच्या लोदच्या एका मावशींनी फोनवर डोळे मिटून अकरा कबरी सांगितल्या, ओळीने, त्यातल्या नऊ बरोबर निघाल्या.

‘मृत्यूच्या नोंदी सरकारात असतीलच की’ असं काहीजण म्हणतात. असतात. पण दफ्तर सांगतं माणूस कधी गेला, कशाने गेला. कुठल्या झाडाखाली आहे ते दफ्तराला ठाऊक नसतं.

आणखी एक गोष्ट आहे, आणि ती लिहिताना मला लाज वाटते. तुमच्यापैकी बरेचजण इथे आलात की कबर ‘चांगली’ करून जाता. ग्रॅनाइट, सोनेरी अक्षरं, हिब्रू आणि इंग्रजी. जुना दगड कंत्राटदार घेऊन जातो. मराठी कोणी घालत नाही, कारण तिकडे वाचणार कोण? मी रागावलो असतो, पण तोंड नाही. १९९४ मध्ये मीच माझ्या वडिलांची कबर टाइल्स लावून घेतली. पांढऱ्या टाइल्स, न्हाणीघरात असतात तशा. तेव्हा ती टापटीप वाटायची. जुना दगड काळा होता, एका कोपऱ्यात चिरलेला. त्यावर वडिलांच्या नावाखाली आजोबांचं आणि पणजोबांचं नाव होतं, मूळ गावासकट. मी वाचला होता, शंभर वेळा वाचला होता, म्हणून उतरवून घेतला नाही. गवंड्याने विचारलं, हा नेऊ का? मी म्हटलं, ने.

आज पणजोबांचं नाव मला सांगता येत नाही. आठवायला बसलो की ‘बन्नाजी’ येतं, मग ‘एलोजी’ येतं, मग दोन्ही खोटी वाटतात. दुसऱ्यांचे दगड वाचत फिरणारा मी, घरचा दगड कोणाच्या तरी मोरीत कपडे धुवायला दिला. हे काम करायला कशाने लागलो, असं नर्सबाईंनी एकदा विचारलं होतं तेव्हा मी निवृत्तीचं कारण सांगितलं होतं. त्या हे पत्र वाचतील तेव्हा त्यांना खरं कळेल.

तेव्हा नवा दगड बसवायचाच असेल तर बसवा. जुना तिथेच पायाशी उभा ठेवा. आणि नव्यावर एक ओळ मराठीत घाला. तुम्हाला वाचता आली नाही तरी चालेल. कबरीत जो आहे त्याला येते.

ठाण्याच्या मातीतून माणसं बाहेर नेल्याची गोष्ट मी वाचली आहे. १३२१ मध्ये इथे चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले, आणि थोड्याच वर्षांनी ओडोरिक नावाचा दुसरा साधू त्यांची हाडं घेऊन पार चीनला गेला. तुमच्यापैकी एक-दोघांनी मला तसं विचारलं आहे. आपल्यात कबर उकरत नाहीत, आणि तिकडच्या मातीत नेण्यासाठी धर्मशास्त्र सूट देतं, हे दोन्ही मला ठाऊक आहे. निर्णय तुमचा आणि हाखामांचा, म्हणजे धर्मगुरूंचा. मी फक्त एवढं सांगेन की कबर हलवण्याआधी शेजारच्या दोन कबरींचे फोटो काढून ठेवा. आमच्याकडे अनेकांची ओळख शेजाऱ्यावरूनच लागते. ‘अमक्याच्या उजव्या हाताला’ असं लिहिलेलं असतं, आणि अमकाच गेला तर उजवा हात कोणाचा धरायचा?

पत्र दारफाळणीच्या सणाआधी तुमच्याकडे पोचावं असा माझा प्रयत्न आहे. तुम्ही आता त्याला योम किप्पूरच म्हणत असाल. आपल्या जुन्या माणसांची समजूत होती की सणाच्या आदल्या दिवशी गेलेले लोक घरी येतात आणि शिळ्या सणाला, म्हणजे सणाच्या दुसऱ्या दिवशी, परत जातात. त्या आदल्या दिवशी सगळे घरात असता, मोठी माणसं जेवायला बसलेली असतात. फोटोंचा डबा काढायला दुसरा चांगला दिवस मला सुचत नाही.

जे सापडेल ते ठाण्यातल्या ज्या नातलगाला तुम्ही सणावाराला फोन करता त्याच्याकडे पाठवा. तो मला ओळखत असेल. आता इथे आपण उरलोयच किती!

सुक्कोथ झाला, पाऊस उघडला की आम्ही पुन्हा रांगेने बसणार आहोत. पहिली आणि दुसरी रांग होत आली. तिसऱ्या रांगेतला पाचवा दगड दोन हिवाळे अडून बसला आहे. पांढरा संगमरवर, हातभर उंच, वरचा डावा कोपरा फुटलेला. हिब्रू गेली. मराठीच्या पहिल्या ओळीत शेवटची दोन अक्षरं शाबूत आहेत: ‘बाई’. त्याआधी चार-पाच अक्षरांची जागा आहे, त्यात एक वेलांटी लागते. दुसऱ्या ओळीत ‘कर’, म्हणजे काहीच नाही. साल ५६ ने सुरू होतं. शेजारी डाव्या हाताला एक लहान कबर आहे, वीतभर रुंद, तिला दगड नाही.

कोणाची असेल तर कळवा.

तुमचा,
एक निवृत्त कंपोझिटर, ठाणे